हिमालयाची जडणघडण

तुळशीच्या लग्नात किंवा देवघरात आपण शाळिग्राम पाहिला असेल. हा काळा, गुळगुळीत दगड नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात सापडतो. पुष्कळ शाळिग्रामांवर दिसणारी चक्राकार खूण म्हणजे अमोनाइट या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा होय. हा प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहत असे. मग तो जगातील सर्वांत उंच पर्वतात कसा पोहोचला?

खरे तर तो कोठेच गेला नाही. समुद्राचा तळच वर आला. पृथ्वीचे कठीण कवच अखंड नसून अनेक प्रचंड भूपट्टांचे बनलेले आहे आणि हे भूपट्ट अतिशय मंद गतीने सरकत असतात. भारताचा भूभाग पूर्वी दक्षिण गोलार्धातील गोंडवन या महाखंडाचा भाग होता. त्यापासून अलग झाल्यावर तो उत्तरेकडे निघाला. एकेकाळी त्याचा वेग वर्षाला सुमारे १५ सेंटीमीटर होता. आपल्याला तो क्षुल्लक वाटेल, परंतु भूपट्टांच्या हिशेबाने ती धावच म्हणावी लागेल.

भारत आणि आशिया यांच्यामध्ये तेव्हा टेथिस समुद्र पसरलेला होता. त्याचा जड तळ आशियाखाली खचत गेला आणि समुद्र आटत गेला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंड एकमेकांना भिडले. भूखंडाचे खडक तुलनेने हलके असल्यामुळे ते सहजासहजी खाली जाईनात. समुद्रतळावर साचलेल्या गाळाच्या थरांना वळ्या पडल्या, काही थर तुटून एकमेकांवर चढले आणि हिमालय उभा राहिला. ८,८४८.८६ मीटर उंचीच्या एव्हरेस्टच्या माथ्यावरील खडकही समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे.

ही धडक अद्याप संपलेली नाही. भारतीय भूपट्ट आजही हिमालयाखाली दरवर्षी सुमारे २ सेंटीमीटर शिरू पाहतो. पण खडक एकमेकांत अडकून बसल्यामुळे ताण साठत राहतो. तो एकाएकी मोकळा झाला की भूकंप होतो. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे ९,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी काठमांडू खोऱ्याचा भाग जवळजवळ १ मीटर वर उचलला गेला, तर त्याच्या उत्तरेकडील उंच पर्वतरांगा काहीशा खाली बसल्या.