रक्ताची नवी उभारणी

हिवाळ्याच्या रात्री वसतिगृहातील एखादे मूल सांधे दुखतात म्हणून कण्हू लागले, की ते अभ्यास चुकविण्याचे निमित्त समजले जाई, तो काळ फार जुना नाही. अशा काही दुखण्यांचे मूळ सिकलसेल असते, हे आज आपण जाणतो. विदर्भातील आदिवासी व अनुसूचित जातींच्या अनेक कुटुंबांना हा आनुवंशिक आजार परिचित आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने तो बरा होऊ शकतो, हेही पुष्कळांना ठाऊक झाले आहे. मात्र त्यानंतर शरीरात काय घडते व त्यास किती काळ लागतो, याविषयी गैरसमज आहेत. ते दूर व्हावेत, यासाठी हा अभ्यासलेख.

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते. तेथील मोजक्या मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स तयार होतात. प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी जन्म घेतात. मूलपेशी विभागताना स्वतःसारखी पेशी मागे ठेवू शकते. म्हणून हा झरा आयुष्यभर वाहतो. १९६१ साली टोरांटो येथे जेम्स टिल व अर्नेस्ट मॅककुलक यांनी, किरणोत्साराने मज्जा निकामी केलेल्या उंदरांना निरोगी मज्जापेशी टोचल्या. काही दिवसांत त्यांच्या प्लीहेवर गाठी उठल्या. एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढते, हे पुढे सिद्ध झाले. माणसांवरील मज्जा प्रत्यारोपणाचे प्रवर्तक डॉ. डोनॉल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्यारोपणात प्रथम तीव्र औषधांनी रुग्णाची जुनी मज्जा बाजूस सारली जाते. नंतर दात्याच्या मूलपेशी रक्त चढवावे तशा शिरेतून दिल्या जातात; रुग्णावर शस्त्रक्रिया होत नाही. या पेशी रक्तप्रवाहातून हाडांतील आपली जागा शोधून काढतात. पहिले दोन ते चार आठवडे सर्वांत कठीण असतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या काळात जवळजवळ नसतात, म्हणून रुग्णास वेगळ्या खोलीत ठेवतात. त्या पेशी दिसू लागल्या, की नवी मज्जा रुजली असे मानतात. प्लेटलेट्स व तांबड्या पेशी सावरेपर्यंत बाहेरून रक्त द्यावे लागते. दात्याचा रक्तगट निराळा असेल, तर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगटही बदलतो.

येथेच आपली फसगत होते. रक्ततपासणीचे आकडे चांगले आले, म्हणजे सारे पूर्ववत झाले असे वाटते. परंतु प्रतिकारशक्तीची स्मृती जपणाऱ्या लसिकापेशी फार सावकाश परततात. त्यांतील काही पेशींना थायमस ग्रंथीत जणू शालेय शिक्षण घ्यावे लागते. या उभारणीस एक ते दोन वर्षे लागू शकतात. बालपणी घेतलेल्या लसींचे संरक्षणही ओसरते. म्हणून त्या पुन्हा घ्याव्या लागतात. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरास परके मानून त्यावर हल्ला करू शकतात. म्हणून मूल हसतेखेळते दिसले, तरी वैद्यांच्या सल्ल्याविना औषधे थांबवू नयेत.

सिकलसेलमध्ये एक दिलासा आहे. रोगी तांबडी पेशी १० ते २० दिवस जगते, तर निरोगी पेशी सुमारे १२० दिवस. त्यामुळे मज्जेत दात्याच्या पेशी पाचव्या हिश्श्याइतक्या टिकल्या, तरी रक्तात बहुतांश निरोगी तांबड्या पेशी असू शकतात. ही उभारणी दीर्घकाळ टिकते काय? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ९ ते ३१ वर्षांपूर्वी प्रत्यारोपण झालेल्या भावंडांच्या १० जोड्या तपासण्यात आल्या. तरुण दात्यांच्या हजारो मूलपेशी इतक्या वर्षांनंतरही रुग्णांच्या शरीरात रक्त निर्माण करीत होत्या. वयस्क दात्यांच्या बाबतीत ही संख्या सुमारे दहापटीने कमी होती.

एक गोष्ट मात्र प्रत्यारोपणाने बदलत नाही. रक्त नवे होते, पण पुढच्या पिढीकडे जाणारी बीजपेशी तीच राहते. बरा झालेला रुग्ण सिकलसेलचे जनुक आपल्या अपत्यास देतोच. म्हणून विवाहापूर्वीची तपासणी त्यालाही चुकत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य रोगग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. दात्याशी पेशी जुळण्याची शक्यताही सख्ख्या भावंडांत २५ टक्केच. म्हणून अनेकांना अनोळखी दात्याचाच आधार उरतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी दाता म्हणून नोंदणी करावी, पालकांनी मुलांची तपासणी लपवू नये, आणि वाहक असणे हा कलंक नव्हे हे घरोघरी सांगावे, हीच या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची विनंती.