घटक ५ : वचनाची भाषा आणि जनसंपर्क – व्हिडिओ गेम कन्सोल उद्योगाच्या निमित्ताने

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• 'वचन' ही भाषिक कृती कोणत्या अटींवर सिद्ध होते, हे सांगता येईल.
• शब्दार्थ आणि सूचितार्थ यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• जाहिरात व जनसंपर्क यांतील प्रमुख भाषिक युक्त्या ओळखता येतील.
• एखाद्या निवेदनातील बंधनकारक भाग आणि निव्वळ अलंकरण वेगळे काढता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, १९९० च्या दशकात आपल्या शहरांतून 'टीव्ही गेम' नावाचे एक यंत्र घरोघरी पोहोचले. जपानी निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राची नक्कल करून बनवलेली ही यंत्रे स्वस्त असत आणि त्यांत खेळांची 'कॅसेट' घालावी लागे. नाशिकच्या मेन रोडवरील एका दुकानातून मी माझ्या भाच्यासाठी अशी एक कॅसेट घेतली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत '९९९९ इन १' असे छापलेले होते. भाच्याने सुट्टीत वही घेऊन खेळांची नावे लिहायला सुरुवात केली. सव्वीस नावांनंतर त्याची वही थांबली. पुढे तेच खेळ पुन्हापुन्हा येत होते; कुठे सुरुवातीची पातळी निराळी, कुठे फक्त नाव निराळे. तक्रार घेऊन आम्ही दुकानात गेलो, तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाले, "यादीत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव ओळी आहेत की नाही, मोजून घ्या."

हे उत्तर ऐकून राग आला, तरी भाषेचा अभ्यासक म्हणून ते मला विसरता आले नाही. दुकानदार शब्दशः खोटे बोलत नव्हते. मग आमची फसगत झाली ती नेमकी कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधणे, हाच प्रस्तुत घटकाचा विषय आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ हाच उद्योग का?

'कन्सोल' म्हणजे प्रामुख्याने खेळ खेळण्यासाठीच बनवलेले, बहुधा दूरचित्रवाणी संचाला जोडायचे यंत्र. सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचे स्विच ही त्याची आजची परिचित उदाहरणे होत. साखर किंवा कापड आपण पाहून घेतो. कन्सोलचे तसे नसते. यंत्र बाजारात येण्याच्या कितीतरी आधी त्याची घोषणा होते. शिवाय ग्राहक पैसे मोजतो ते केवळ यंत्रासाठी नव्हे, तर पुढील पाच-सात वर्षांत त्यावर चांगले खेळ येतील, या विश्वासापोटी. कंपन्याही पुष्कळदा यंत्रावर अत्यल्प नफा घेतात, प्रसंगी तोटा सोसतात आणि खेळांच्या विक्रीतून तो भरून काढतात. म्हणून आरंभीच अधिकाधिक लोकांचा विश्वास संपादन करणे त्यांना निकडीचे असते. ज्या व्यवहारात वस्तू उद्याची आणि पैसा आजचा असतो, तेथे वचनाचे महत्त्व अपरिहार्यपणे वाढते.

५.२.२ वचन : एक भाषिक कृती

'शब्द देणे', 'शब्द पाळणे', 'शब्दाला जागणे', 'शब्द फिरवणे' हे मराठीतील वाक्प्रचार पाहा. शब्द ही जणू देण्याघेण्याची वस्तू आहे, अशी कल्पना त्यांमागे आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत हाच विचार शास्त्रीय रूपात मांडला. ती व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बोलणे म्हणजे केवळ वर्णन करणे नव्हे. काही वाक्ये उच्चारताच एक कृती घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९६९ मध्ये जॉन सर्ल यांनी वचनाच्या अटींचे सविस्तर विश्लेषण केले. त्यांतील मुख्य अटी आपल्या भाषेत अशा मांडता येतील :

(१) वचन हे वक्त्याच्या स्वतःच्या भावी कृतीविषयी असले पाहिजे.
(२) ती कृती श्रोत्याला हवीशी असली पाहिजे.
(३) ती पार पाडण्याचे सामर्थ्य आपल्यात आहे, असे मानण्यास वक्त्याजवळ आधार असला पाहिजे.
(४) ती करण्याचा वक्त्याचा प्रामाणिक हेतू असला पाहिजे.
(५) उच्चारासरशी आपण बांधले गेलो, हे वक्त्याने स्वीकारले पाहिजे.

निफाडचा द्राक्षबागायतदार व्यापाऱ्याचे "भाव देतो" आणि "भावाचं बघू" ही दोन वाक्ये एकच मानत नाही. पहिल्यात पाचवी अट पुरी होते; दुसऱ्यात होत नाही. वचनाचा आभास निर्माण करायचा, पण पाचव्या अटीतून निसटायचे, ही जनसंपर्काच्या भाषेची मूळ खुबी होय.

५.२.३ चार भाषिक युक्त्या

(अ) नामकरण. १९९० च्या दशकाच्या आरंभी सेगा कंपनीने अमेरिकेतील जाहिरातींत आपल्या यंत्रात 'ब्लास्ट प्रोसेसिंग' असल्याचे सांगितले. सोनीने प्लेस्टेशन २ मधील प्रक्रियकाला 'इमोशन इंजिन' म्हटले. दोन्ही यंत्रे तांत्रिकदृष्ट्या समर्थ होती, यात शंका नाही. तथापि 'ब्लास्ट प्रोसेसिंग' किती आहे, हे ग्राहकाने मोजायचे कशाने? मोजता न येणाऱ्या गुणाला शास्त्रीय वाटणारे नाव दिले की तो गुण सिद्ध झाल्यासारखा वाटतो. येथे तिसरी अट तपासण्याची वाटच बंद होते.

(आ) काळाची सरमिसळ. २००५ मध्ये लॉस एंजलिसच्या ई३ प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशन ३ ची घोषणा केली. त्या वेळी 'किलझोन' या खेळाची दाखवलेली झलक प्रत्यक्ष यंत्रावरील असल्याचा अनेक प्रेक्षकांचा समज झाला. वस्तुतः ती आधीच तयार करून ठेवलेली चित्रफीत होती; यंत्राकडून काय अपेक्षित आहे, हे दाखवणारी. तो खेळ बाजारात आला २००९ मध्ये. भविष्यकाळातील आशा येथे वर्तमानकाळातील वस्तुस्थिती म्हणून मांडली गेली. आपल्या गृहप्रकल्पांच्या फलकांवर झाडे, मोटारी व हसरी कुटुंबे यांसह उभी असलेली इमारत याच प्रकारात मोडते.

(इ) व्याप्तीचे शब्द. 'पर्यंत', 'लवकरच', 'निवडक', 'जगभर' हे शब्द लहान दिसतात. परंतु अर्थाचा भार त्यांच्यावरच असतो. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये १२ तारखेला काही देशांत आणि १९ तारखेला 'उर्वरित जगात' येईल, असे जाहीर झाले होते. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. किंमत होती ४९,९९० रुपये. 'उर्वरित जग' या शब्दसमूहाच्या व्याप्तीत तेव्हा आपण नव्हतो. त्याच यंत्राच्या खोक्यावर '८के' हे चिन्ह ठळकपणे होते; मात्र विक्रीच्या आरंभी ती सुविधा चालू नव्हती, ती पुढील सुधारणेवर अवलंबून होती. चिन्ह मोठे आणि अट बारीक, हा क्रम आपण ध्यानात ठेवावा.

(ई) कर्त्याचा लोप. पुढील तीन वाक्ये पाहा :

१. आम्ही ३१ मार्चपर्यंत ही सुधारणा देऊ.
२. ही सुधारणा लवकरच उपलब्ध करून दिली जाईल.
३. ही सुधारणा येत आहे.

पहिल्या वाक्यात कर्ता आहे आणि मुदतही आहे. दुसऱ्यात कर्मणी रचनेमुळे कर्ता नाहीसा झाला आणि मुदतीच्या जागी 'लवकरच' आले. तिसऱ्या वाक्यात तर सुधारणा स्वतःच चालत येत आहे! तिन्हींचा आशय सारखा भासला, तरी जबाबदारी फक्त पहिल्यातच आहे. सर्ल यांची पहिली अट, म्हणजे वक्त्याची स्वतःची कृती, दुसऱ्या वाक्यात धूसर होते आणि तिसऱ्यात उरतच नाही.

५.२.४ सूचितार्थ : न बोललेले वचन

एच. पी. ग्राइस या तत्त्वज्ञांनी दाखवून दिले, की संभाषणात आपण परस्परांच्या सहकार्यावर विसंबून न बोललेलेही समजून घेतो. '९९९९ इन १' म्हटल्यावर 'वेगवेगळे ९९९९ खेळ' असे आपण समजतो, ते याच विश्वासाने. दुकानदारांनी शब्दार्थ पाळला, सूचितार्थ मोडला.

अलीकडील भारतीय उदाहरण कन्सोलचे नव्हे, भ्रमणध्वनीवरील खेळाचे आहे. पण या मुद्द्यासाठी ते अतिशय उपयुक्त आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल'सह ११८ ॲपांवर बंदी घातली. दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, अभिनेते अक्षय कुमार यांनी 'फौजी' या खेळाची घोषणा केली. बेंगळुरूच्या एनकोर गेम्सच्या या खेळाच्या निव्वळ उत्पन्नातील २० टक्के रक्कम 'भारत के वीर' निधीला देण्याचे सांगण्यात आले. घोषणेच्या वेळेवरून आणि नावाच्या उच्चारसाम्यावरून अनेकांनी हा 'पबजी'चा पर्याय आहे, असे गृहीत धरले. ऑक्टोबरअखेर येणारा खेळ पुढे नोव्हेंबरवर गेला आणि प्रत्यक्षात २६ जानेवारी २०२१ रोजी आला. त्यात गलवान खोऱ्यावर आधारित मोहीम होती. 'पबजी'सारखी अनेक खेळाडूंची अखेरपर्यंतची झुंज तेव्हा नव्हती. अपेक्षाभंग झालेल्यांना तशी झुंज देण्याचे वचन कोणी दिले होते? शब्दांत पाहिले तर सापडत नाही. ते तारखेत आणि नावात होते. जनसंपर्काचे विश्लेषण करताना वाक्याबरोबर त्याची वेळही वाचावी लागते, ती यामुळे.

५.२.५ शब्द फिरवणे आणि शब्दाची जबाबदारी घेणे

मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन सादर केले. यंत्राने दर चोवीस तासांतून एकदा इंटरनेटशी जोडले जावे आणि वापरलेल्या तबकड्या दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने असावीत, असे धोरण होते. ग्राहक संतापले. जूनमध्ये सोनीने एक अगदी छोटी चित्रफीत प्रसृत केली : एक माणूस खेळाची डबी दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा आभार मानतो, संपले. येथे विशेषण नाही, उपमा नाही. कोणालाही घरी पडताळता येईल असे ते वचन होते, म्हणूनच ते प्रभावी ठरले. १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने आपले धोरण मागे घेतले.

डिसेंबर २०२० मधील 'सायबरपंक २०७७' या पोलिश कंपनीच्या खेळाची कथा अधिक बोधप्रद आहे. जुन्या कन्सोलवरही तो आश्चर्य वाटावे इतका चांगला चालतो, असे कंपनीच्या प्रमुखांनी आधी सांगितले होते. परीक्षकांना मात्र आगाऊ दिली गेली ती संगणकावरील प्रत. खेळ १० डिसेंबरला आला. जुन्या कन्सोलवर तो इतका सदोष होता, की आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. तो परतला जून २०२१ मध्ये. जानेवारीत कंपनीच्या एका संस्थापकाने जाहीर क्षमायाचना केली. तिच्यात निर्णय आपला व व्यवस्थापनाचा होता, दोष खेळ घडवणाऱ्या कर्मचाऱ्यांचा नव्हे, हे त्याने स्पष्ट सांगितले. व्याकरणाच्या भाषेत म्हणायचे, तर लोप पावलेला कर्ता वाक्यात परत आला. उद्योगाचा विश्वास दुरुस्त होण्यास आरंभ होतो तो येथून.

५.२.६ पुण्याचे एक उदाहरण

'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण सर्वांनाच लागू करणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०१७ मध्ये 'राजी' या खेळासाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून निधी मागितला. उद्दिष्ट होते १,२०,००० पौंड. तेथील नियम 'जर–तर' स्वरूपाचा असतो : उद्दिष्ट पूर्ण झाले तरच पैसे घेतले जातात. उद्दिष्ट पूर्ण झाले नाही आणि पैसे घेतले गेले नाहीत. संस्थेने अन्य मार्गांनी काम चालू ठेवले. १८ ऑगस्ट २०२० रोजी 'राजी' प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. ज्या यंत्राची तेव्हा भारतात अधिकृत विक्री नव्हती, त्यावर पुण्याचा खेळ जगाने आधी खेळला! पहाडी लघुचित्रशैलीच्या आधाराने रंगवलेल्या या खेळाला त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या गटात नामांकन मिळाले.

याउलट, 'ऊया' या अमेरिकी कन्सोलने २०१२ मध्ये त्याच संकेतस्थळावर साडेनऊ लाख डॉलर मागून सुमारे ८५ लाख डॉलर मिळवले. यंत्र २०१३ मध्ये आलेही. परंतु २०१९ मध्ये त्याची सेवा बंद झाली. वचनाला मिळालेला टाळ्यांचा गजर हे ते टिकण्याचे प्रमाण नव्हे, एवढे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून दिसते.

५.२.७ वाचकाचा अधिकार

भाषेचे हे विश्लेषण केवळ परीक्षेपुरते नाही. आपल्यापैकी कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीवर काम करतात, कोणी शेती सांभाळून शिकतात. मुलाच्या हट्टापायी पन्नास हजारांचे यंत्र हप्त्यांवर घेताना आपण मोजतो ते आपले कष्टाचे महिने. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला वा जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ पासून स्वयंनियमनाचे काम करते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र तक्रार करण्यासाठी काय म्हटले होते, ते नेमके दाखवावे लागते. ते दाखवण्याची पहिली पायरी म्हणजे सावध वाचन.

५.३ सारांश

वचन ही अटींनी बांधलेली भाषिक कृती आहे. नामकरण, काळाची सरमिसळ, व्याप्तीचे शब्द आणि कर्त्याचा लोप या चार युक्त्यांनी वचनाचा आभास निर्माण करता येतो. सूचितार्थामुळे न दिलेले वचनही दिल्यासारखे वाटते. पडताळता येणारे, कर्ता व मुदत असलेले वाक्य हेच खरे वचन. कोणतेही निवेदन वाचताना चार प्रश्न विचारावेत : कोण करणार? काय करणार? केव्हापर्यंत? आणि न केल्यास काय?

५.४ पारिभाषिक संज्ञा

भाषिक कृती : उच्चारातूनच घडणारी कृती, उदा. वचन देणे, क्षमा मागणे.
सूचितार्थ : शब्दांत नसलेला, पण संदर्भावरून श्रोता काढतो तो अर्थ.
जनसंपर्क : संस्थेने लोकमत अनुकूल राखण्यासाठी केलेला योजनापूर्वक संवाद.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. "दुरुस्ती लवकरच केली जाईल" या वाक्यात सर्ल यांच्या कोणत्या अटी अपुऱ्या राहतात?
२. '९९९९ इन १' या मजकुराचा शब्दार्थ आणि सूचितार्थ सांगा.
३. 'सायबरपंक २०७७' च्या क्षमायाचनेचे भाषिक वैशिष्ट्य थोडक्यात लिहा.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा परिसरातील पाच जाहिरात-फलक उतरवून घ्या. प्रत्येकातील कर्ता, क्रियापदाचा काळ आणि व्याप्तीचे शब्द अधोरेखित करा. जबाबदारी टाळणारे एक वाक्य निवडून ते खरे वचन होईल असे पुन्हा लिहा आणि संपर्कसत्रात सादर करा.