कुरकुर आणि गाऱ्हाणे

सदा कुरकुरणाऱ्या मनुष्यास इंग्रजीत 'ग्रम्बलर' वा 'ग्राउच' म्हणतात. आपण तिरसट, किरकिऱ्या म्हणतो. 'मर्मर' काय किंवा 'कुरकुर' काय, शब्दांत पुटपुटण्याचाच नाद आहे. अशी तक्रार कोणाच्या समोर केली जात नाही. अनुवाद १:२७ पाहा: इस्राएल लोकांनी कुरकुर केली ती आपापल्या डेऱ्यांत.

मग अन्याय मुकाट्याने सोसावा काय? तसे नव्हे. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच कन्या मोशेसमोर उभ्या राहून वतनाचा वाटा मागतात. त्यांचे म्हणणे रास्त आहे, असा निर्णय परमेश्वर देतो. आपल्या देशात १९९७ साली राजस्थानातील खेड्यांतले शेतकरी व मजूर जयपूरला ५३ दिवस धरणे धरून बसले. सरकारी कामांच्या हिशेबाच्या प्रती मिळाव्यात, ही त्यांची उघड मागणी होती. पुढे २००० साली त्या राज्यात आणि २००५ साली देशात माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला.

आपणही घरात, मंडळीत वा कचेरीत दुखावले गेला असाल. ते दुःख आपण आजवर कोणाकोणाला सांगितले? ज्याला सांगावयास हवे त्याला, आणि देवाला, सांगितले काय?