कोरी वही आणि वाटीभर चिंचोके

चि. छोटीस,


छोट्या शिशूच्या वर्गावर तू रुजू झालीस त्याला दोन महिने झाले आणि पालकांचा ठरलेला प्रश्न तुझ्यापर्यंत आलाच : "बाई, वही कोरी कशी?" मूल घरी जाऊन सांगतं, आज ठोकळे खेळलो, वाळूत खेळलो. शेजारच्या इमारतीतलं त्याच्याच वयाचं मूल मात्र ओळीने अक्षरं गिरवतं, शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवतं. आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. त्यांच्यावर रागावू नकोस. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्यांना आपलं मूल मागे पडेल अशी धास्ती वाटणारच. पण म्हणून उद्यापासून वह्या भरायलाही घेऊ नकोस. त्या धास्तीला उत्तर आहे आणि ते तुझ्याच वर्गात रोज घडतं आहे. ते पालकांच्या नजरेला आणून देणं हे तुझं काम.

चिंचोक्यांपासून सुरुवात कर.

साडेतीन वर्षांचं मूल वीसपर्यंत आकडे धडाधड म्हणतं. त्याच्यापुढे सात चिंचोके ठेवून मोजायला सांगितलं, तर तेही बोट ठेवत ठेवत मोजतं. मग विचारावं, "किती झाले?" या वयाची पुष्कळ मुलं 'सात' म्हणत नाहीत, पुन्हा एकपासून मोजायला लागतात. "मला चार दे" म्हटलं तर मूठभर उचलून हातावर ठेवतात. आकड्यांची माळ पाठ झालेली असते, पण मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजे सगळ्या ढिगाची संख्या, हे अजून उमगलेलं नसतं. ते उमगायला शंभरापर्यंतची घोकंपट्टी कामाला येत नाही. भातुकलीत पाच बाहुल्यांची पंगत बसते, पानं चारच निघतात, पाचवी बाहुली उपाशी राहते आणि मूल आणखी एक पान आणायला धावतं. ती धाव म्हणजे गणित आहे. पुढे पहिली-दुसरीत याच मुलाला 'एकवीस' म्हणताना एक आधी आणि लिहिताना दोन आधी, अशी मराठी आकड्यांची उलटापालट पेलायची असते. ज्याने काड्यांचे दहा-दहाचे जुडगे स्वतः बांधले आणि सोडले, त्याला दोन जुडगे आणि वर एक काडी डोळ्यांपुढे आणता येते.

वहीचं कारण तर हातातच सापडतं. जन्माच्या वेळी मनगटातली आठही हाडं कूर्चेची, मऊ असतात. ती एकेक करत कठीण होत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठांपैकी जेमतेम दोन-तीन हाडं उमटतात आणि शेवटच्या हाडाची पाळी यायला साधारण नववं ते बारावं वर्ष उजाडतं. अशा हातात बारीक पेन्सिल देऊन चौकटीच्या रेघांत 'क' कोंबायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांदा ताठ करतं आणि चार ओळींत कंटाळतं. लिहिण्याआधी बोटांत ताकद आणि वळण यावं लागतं. कणीक मळणं, मटार सोलणं, ओल्या मातीचे गोळे वळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं ही सगळी लिहिण्याचीच तयारी. देवनागरी अक्षरांतले गोल, अर्धगोल आणि उभे दंड वाळूत बोटाने, फरशीवर ओल्या खडूने, हवेत हात फिरवून हजारदा काढून झाले, की वहीतलं अक्षर फारसा हट्ट न करता येतं.

हे काही आजचं खूळ नाही, हेही पालकांना सांग. जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, दंडगोल आणि घन, मग आठ तुकड्यांत सुटणारा मोठा घन अशी खेळणी त्यांनी क्रमाने रचली होती. मूल घन मोडतं, पुन्हा जुळवतं आणि त्यातून पूर्ण आणि भाग यांचं नातं त्याच्या हाताला कळतं. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली आणि ती उठायला १८६० उजाडलं. तोवर फ्रोबेल हयात नव्हते, पण त्यांची कल्पना देशोदेशी पोचली होती.

आपल्याकडे ती रुजवायला मोठी माणसं झटली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसरी पद्धतीला इथल्या मातीत आणलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ताराबाईंना खुपत होतं ते हे, की महागड्या साधनांची बालमंदिरं शहरातल्या सुस्थितीतल्या मुलांपुरतीच राहतात. म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आसपासच्या पाड्यांवरची वारली मुलं शाळेत येईनात. कोणाच्या कडेवर धाकटं भावंड, कोणाच्या मागे गुरं. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. मूल येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. साधनं म्हणून बिया, शंख-शिंपले, माती, पानं, बांबूचे तुकडे घेतले. विकत आणलेलं थोडं, वेचून आणलेलं फार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळालं. तुझ्या वर्गात खेळणी कमी आहेत असं तू लिहिलंस. कोसबाडला ती याहून कमी होती.

आता भातुकलीकडे जरा थांबून पाहा, कारण पालकांना सगळ्यात फुकट वाटतो तो हाच खेळ. एक मूल पिंपळाचं पान पुढे करून म्हणतं, "घ्या पोळी." दुसरं ते पान तोंडाजवळ नेऊन खाल्ल्यासारखं करतं, पण खरोखर चावत नाही. पान हे पान आहे आणि तरी आत्ता ते पोळी आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं. काठीचा घोडा करून दौडणाऱ्या मुलाबद्दल रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी १९३३ मध्ये हेच मांडलं, की काठी हातात धरून मूल 'घोडा' या अर्थाला प्रत्यक्ष घोड्यापासून सोडवून घेतं. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहते, ही समज आल्याशिवाय कागदावरची वाकडी रेघ म्हणजे 'क' हा आवाज, हे कसं कळणार? वाचनाची पहिली पायरी त्या पिंपळपानावर आहे. शिवाय भातुकलीत मूल किती बोलतं ते ऐक. एरवी दोन शब्दांत उत्तर देणारी मुलगी आई झाली की "आज भाजी महाग झालीय, उद्या आणू" अशी लांब वाक्यं बोलते, दुकानदाराशी घासाघीस करते, रुसलेल्या बाळाची समजूत काढते.

पाण्याचाही एक कोपरा ठेव. टब, दोन-चार पेले, एक उंच बाटली, गाळणं, नरसाळं. ज्याँ पियाजे यांचा प्रयोग तुला माहीत आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, मग एका पेल्यातलं उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं की साधारण सहा-सात वर्षांच्या आतलं मूल म्हणतं, उंच पेल्यात जास्त. त्याला समजावून सांगून ते पटत नाही. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे असं मनसोक्त ओतण्यातूनच ते हळूहळू पटत जातं. कपडे भिजतील, पालक तक्रार करतील. एक जादा सदरा दप्तरात ठेवायला सांग.

मुलं एका जागी बसत नाहीत, ऐकत नाहीत, हीदेखील तुझी अडचण आहे. ओरडून मूल तेवढ्यापुरतं गप्प होतं. 'शिवाजी म्हणतो' खेळून ते स्वतःला थांबवायला शिकतं. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटल्यावर हात वर करायचा आणि नुसतं 'हात खाली' म्हटलं तर उचललेला हात तसाच ठेवायचा. यात ऐकायचं, नियम ध्यानात ठेवायचा आणि आपोआप होणारी हालचाल आवरायची, ही तिन्ही कामं एका क्षणात होतात. मुलांचा आत्मसंयम मोजण्यासाठी संशोधक वापरतात ती एक चाचणी याच्याच बहिणीसारखी आहे. डोक्याला हात लाव म्हटलं की मुलाने पायाला लावायचा.

पालकांपैकी कोणी पुरावा मागेल, तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावची गोष्ट सांग. तिथे १९६२ पासून पेरी प्रीस्कूलमध्ये गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ५८ मुलांना बालवाडी मिळाली, ६५ जणांना मिळाली नाही. दोन्ही गटांची चाळिशीपर्यंत दखल घेतली गेली. बालवाडीत गेलेल्यांचं शिक्षण, नोकरी, कमाई सरस ठरली आणि अटका कमी झाल्या. त्या वर्गाचा रोजचा क्रम साधा होता : मुलाने आज काय करणार ते सांगायचं, ते करायचं, मग काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. त्याच गावी १९६७ मध्ये ६८ मुलांवर दुसरी तुलना सुरू झाली. काही मुलांना बाईंनी सांगायचं आणि मुलांनी म्हणायचं अशी घोटवणूक मिळाली, तर बाकीच्या दोन गटांत मुलांच्या पुढाकाराला आणि खेळाला जागा होती. बुद्धिमापन चाचण्यांत तिन्ही गट जवळपास सारखेच वर आले. फरक दिसला तो तेविसाव्या वर्षी. भावनिक अडचणींसाठी मदत लागण्याचं आणि अटकेचं प्रमाण घोटवणुकीच्या गटात जास्त निघालं.

पण हे सांगताना पुरतं सांग. ही मुलं थोडी होती. पेरीच्या वर्गात पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका असे आणि ती दर आठवड्याला घरी जाऊन आईला भेटे. खेळाने सगळं साधलं असा दावा करू नकोस. खेळ, जाणती शिक्षिका आणि घराशी नातं या तिन्हींनी मिळून ते साधलं.

यातूनच तुझ्यासाठीची मुख्य गोष्ट निघते. खेळातून शिक्षण म्हणजे मुलांना मोकळं सोडून खुर्चीत बसणं नव्हे. वही गिरवून घेण्यापेक्षा यात शिक्षिकेचे कष्ट जास्त आहेत. भातुकली, ठोकळे, पाणी-वाळू, चित्रांची पुस्तकं असे कोपरे सकाळी मुलं येण्याआधी मांडलेले हवेत. दर आठवड्याला एका कोपऱ्यात एक नवी वस्तू यावी : भातुकलीत तराजू, ठोकळ्यांत उतरती फळी, पुस्तकांत पावसाची गोष्ट. एका कोपऱ्यात रमलेल्या मुलाला घंटेच्या तालावर उठवू नये, सलग पाऊण तास तरी द्यावा. शिक्षिकेने मध्ये पडावं, पण अलगद. मनोरा कोसळला तर स्वतः उभारून देऊ नये, "खाली कोणता ठोकळा ठेवला होतास?" एवढं विचारावं. दुकान-दुकान चाललं असेल तर गिऱ्हाईक होऊन जावं आणि विचारावं, "पाच रुपयांत किती टोमॅटो देता?"

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळ. चिंचोके, मणी, सागरगोटे मुलं तोंडात, नाकात, कानात घालतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती ते देऊच नकोस, त्यांना मोठे ठोकळे आणि वाट्या दे. बाकीच्यांनाही तुझ्या समोरच खेळू दे. देताना मोजून दे आणि घेताना मोजून घे. ते मोजणंही मुलांकडूनच करून घे.

मुख्याध्यापिकाबाईंशी बोलायची वेळ आली तर तुझ्या बाजूने कागदही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकसंध मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्याच्या केंद्रस्थानी खेळच आहे आणि २०२३ मध्ये आलेला 'जादुई पिटारा' हा खेळसाहित्याचा संचही त्यावरच बेतलेला आहे.

राहता राहिली कोरी वही. ती मुलाची कोरी असू दे, तुझी भरलेली हवी. प्रत्येक मुलाच्या नावाने चार पानं राखून ठेव आणि रोज पाच मुलांबद्दल एकेक ओळ लिही : आज पहिल्यांदा चार चिंचोके अचूक दिले, आज शेजारणीला ठोकळा मागून घेतला, हिसकावला नाही, आज पावसाची गोष्ट स्वतः सांगितली. तीस मुलांचा वर्ग आठवड्यात एकदा पुरा होतो. पहिल्या सत्राच्या शेवटी पालकांना त्यांच्या मुलाची पानं वाचायला दे.

आणि पालकसभेत भाषण करू नकोस. आईवडिलांना मुलांच्याच सतरंजीवर बसव, प्रत्येकासमोर वाटीभर चिंचोके ठेव आणि आपल्या मुलाला "मला चार दे" म्हणायला सांग. त्यांना ते एकदा डोळ्यांनी पाहू दे. सभा कशी झाली ते लगेच कळव. पाण्याच्या कोपऱ्यासाठी नरसाळं आणि दोन गाळणी पाठवते आहे.

तुझी,
मावशी