टॅपेट कव्हरचं पॅकिंग

गाडी ऑइल मारायला लागली की बऱ्याच गॅरेजांत एकच उपाय सुचतो: "नट आवळून देतो." जुन्या गाडीच्या मालकानं तिथेच हात धरावा.

१९९८ साली भारतात आलेल्या होंडा सिटीचंच उदाहरण घ्या. तिच्या टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली, कडेनं एक रबरी पॅकिंग असतं आणि मधोमध चार प्लगच्या नळ्यांभोवती चार रबरी सील. इंजिनाच्या उष्णतेनं ही रबरं वर्षानुवर्षं भाजून निघतात, कडक होतात. मग नट कितीही आवळा, रबर दबत नाही. कव्हर वाकतं, नाहीतर स्टड तुटतो.

आमच्या घरच्या सिटीला सिग्नलवर जळक्या ऑइलचा वास यायचा. पुढे गाडी मिसिंग करू लागली. एका गॅरेजात नट आवळून बाहेरून सिलिकॉन फासलं. गळती थांबली नाहीच, वर एक स्टड तुटला. दुसऱ्या मिस्त्रीनं प्लगची वायर उपसली तेव्हा तिचं रबर ऑइल पिऊन फुगलेलं होतं आणि प्लगच्या खड्ड्यात काळं ऑइल साचलेलं. त्यानं लगेच प्लग खोलला नाही. आधी सिरिंजनं ऑइल ओढलं, चिंधीनं खड्डा कोरडा केला. तसं न करता प्लग काढला असता, तर ऑइल आणि कचरा थेट सिलिंडरमध्ये गेला असता. जुनं पॅकिंग खाचेतून काढताना कटकट तुटत होतं.

पॅकिंग बदलताना चारही सील आणि नटांखालचे रबरी वॉशरही नवे घ्यावेत. इंजिन पूर्ण थंड हवं. कव्हर निघालंच आहे तर टॅपेट सेटिंगही उरकून घेता येतं. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडावं, कारण लोखंडी पट्टीनं ॲल्युमिनियमवर चरे पडतात. नवं सिलिकॉन फक्त चार कोपऱ्यांत, तेही ठिपक्याएवढं. जास्त लावलेलं आत सुटतं, ऑइलमध्ये पडतं आणि पंपाच्या जाळीत अडकतं. ही चूक गळतीपेक्षा कितीतरी महागात पडते. नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. जोर साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्यावर फक्त मनगटाचा.

इंजिनातला वायू मोकळा करणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदला असेल, तर आत दाब साठून नवं पॅकिंगही गळू शकतं. डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग गेली, तरी हेडच्या कडेला अगदी तसाच ओघळ दिसतो. म्हणून कव्हरला हात लावण्याआधी थंड इंजिनाच्या हेडची ती कड स्वच्छ पुसावी, गाडी थोडी चालवावी आणि ऑइल कुठून उतरतंय ते बॅटरी मारून बघावं.