मोडीतील विमानांतून उभा राहिलेला उद्योग

शहापूरहून कसारा घाट चढून नाशिककडे जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग पुढे ओझर गावावरून जातो. या गावाजवळ हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा विमान कारखाना आहे. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची लढाऊ विमाने येथे तयार झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये येथे बांधलेल्या तेजस विमानाने प्रथमच आकाशात झेप घेतली.

शहापूर आणि मुरबाड हे डोंगराळ तालुके. भातशेती, वनजमिनी आणि धरणे यांच्या या मुलखात विमाननिर्मिती हा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या उद्योगाचा पाया नव्या यंत्रांनी घातला गेला नाही. इतरांनी टाकून दिलेली विमाने दुरुस्त करून त्यांना नवे रूप देण्याच्या कामातून त्याची खरी वाढ झाली. हा इतिहास ग्रामीण भागातील शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी जाणून घ्यावा, असा आहे.

वालचंदांचा संकल्प

या उद्योगाचे आद्य प्रवर्तक वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. १८८२ साली तेथे जन्मलेल्या या उद्योगपतीने बांधकाम, साखर, जहाजबांधणी आणि मोटार अशा अनेक क्षेत्रांत पाऊल टाकले. १९३९ साली विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली हे चीनमध्ये विमानजोडणीचे काम करीत होते. हिंदुस्थानातही असा कारखाना का असू नये, या विचाराने वालचंदांनी उचल घेतली.

म्हैसूर संस्थानने जमीन व भांडवल देऊ केल्यामुळे कारखाना बंगळूर येथे उभारण्याचे ठरले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी नोंदविण्यात आली. पुढील वर्षी तत्कालीन भारत सरकार तीत भागीदार झाले. परंतु जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत येऊन पोहोचताच परिस्थिती पालटली. १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. १९४३ साली कारखाना अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाच्या व्यवस्थापनाखाली गेला आणि नव्या विमानांचे काम मागे पडून तो पूर्व आघाडीवरील विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र बनला. पाण्यावर उतरणारी कॅटलिना विमाने बेळंदूरच्या तलावात उतरत व दुरुस्त होऊन पुन्हा युद्धावर जात.

निर्मितीचे स्वप्न लांबणीवर पडले, ही या घटनेची एक बाजू होय. दुसरी बाजू अशी की, अनेक देशी कारागिरांना निरनिराळ्या प्रकारची इंजिने व सांगाडे उघडून पाहण्याची, मोजण्याची व पुन्हा जोडण्याची संधी मिळाली. वर्गात बसून मिळणारे हे शिक्षण नव्हते.

युद्ध संपले, काम संपले

१९४५ साली युद्ध थांबले आणि दुरुस्तीसाठी येणाऱ्या विमानांचा ओघही आटला. कारखाना उभा होता, कारागीर तयार होते, पण हाताला काम नव्हते. कसबी माणसे एकदा पांगली म्हणजे ती पुन्हा गोळा करता येत नाहीत. त्यामुळे कारखान्याच्या अस्तित्वाचाच प्रश्न निर्माण झाला. व्यवस्थापनाने त्या काळात रेल्वेचे धातूचे डबे बांधण्याचे काम स्वीकारले. हेच काम पुढे इतके वाढले की, १९६४ साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या स्वतंत्र कंपनीकडे ते सोपविण्यात आले.

मात्र विमानविषयक कौशल्य टिकवून धरले ते रूपांतराच्या कामाने.

डाकोटाचे नवे रूप

युद्धकाळात सैनिक व माल वाहण्यासाठी अमेरिकेने दोन इंजिनांची डाकोटा विमाने हजारोंच्या संख्येने बांधली होती. युद्धानंतर शिल्लक मालाच्या विक्रीत ती अल्प किमतीत उपलब्ध झाली. त्याच सुमारास देशात अनेक विमान कंपन्या निघाल्या. त्यांना विमाने हवी होती, पण लष्करी डाकोटा प्रवाशांच्या उपयोगाची नव्हती. आत दोन्ही कडांना धातूची बाके, उघडा सांगाडा, मालासाठी मोठे दुहेरी दार आणि कानठळ्या बसविणारा आवाज, अशी तिची स्थिती असे.

हे रूपांतर म्हणजे केवळ खुर्च्या बसविणे नव्हे. प्रथम विमानाचा पत्रा, रिव्हेट व सांधे तपासून गंजलेला भाग बदलावा लागे. इंजिने उतरवून, पूर्ण सुटी करून, झिजलेले भाग बदलून चाचणीच्या चौकटीवर चालवून पाहिली जात. विजेच्या तारा, इंधनाच्या नळ्या व बिनतारी यंत्रे तपासली जात. त्यानंतर आवाज व थंडी रोखणारे अस्तर, सुमारे एकवीस ते अठ्ठावीस आसने, सामानाच्या फळ्या व स्वच्छतागृह यांची योजना करण्यात येई.

शेवटी विमानाचे वजन करून त्याचा गुरुत्वमध्य निश्चित केला जाई. आसनांची जागा बदलली की भार पुढे-मागे सरकतो. तो ठराविक मर्यादेबाहेर गेला तर विमान वैमानिकाच्या ताब्यात राहत नाही. हे गणित जमल्यावर चाचणी-उड्डाण आणि मग उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, असा क्रम असे. एक नोंद चुकली किंवा एक खिळा सैल राहिला तर त्याची किंमत प्रवाशांच्या प्राणांनी मोजावी लागेल, ही जाणीव कारागिरांत या कामाने रुजविली.

या विमानांचा देशाला झालेला उपयोग मोठा आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला फौजा पोहोचविल्या गेल्या त्या डाकोटांतूनच. त्यांत खाजगी कंपन्यांची विमानेही होती. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली, त्या वेळी तिच्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती.

कानपूरची मोड

दुसरी कसोटी याहून कठीण होती. कानपूरजवळील चकेरी तळावर चार इंजिनांची लिबरेटर बाँबफेकी विमाने मोडीत टाकलेली होती. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची जाणूनबुजून नासधूस करण्यात आली होती. उपकरणे फोडली होती आणि इंजिनांत वाळू ओतली होती. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला जड बाँबफेकी विमानांची गरज होती, पण नवी विमाने विकत घेण्याइतके परकीय चलन नव्हते. १९४८ साली या मोडीतून काही हाती लागते काय, हे पाहण्याचे काम हिंदुस्थान एअरक्राफ्टकडे आले.

यल्लप्पा यांच्या नेतृत्वाखाली कारागिरांची तुकडी कानपूरला गेली. एका विमानाचा चांगला भाग काढून दुसऱ्याला बसवायचा, आणि बंगळूरपर्यंतचे एक उड्डाण निभावेल इतपत विमान सज्ज करायचे, अशी पद्धत ठरली. ही विमाने बंगळूरला नेण्याचे जोखमीचे काम कंपनीचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी पार पाडले. तेथे ती पूर्ण उघडून नव्याने बांधण्यात आली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांतील पहिली विमाने हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. अशी सुमारे चाळीस विमाने पुनरुज्जीवित झाली. त्यांतील काही पुढे सागरी टेहळणीसाठीही वापरण्यात आली आणि १९६८ पर्यंत ती सेवेत राहिली.

दुरुस्तीकडून निर्मितीकडे

या कामांनी कंपनीला तीन गोष्टी दिल्या : उत्पन्न, शिस्त आणि आत्मविश्वास. कारागीर टिकले म्हणून अभियंत्यांना पुढचे पाऊल टाकता आले. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेन येथे प्रा. प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली वायुगतिशास्त्राचे संशोधन केले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच. टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात गेले. ते उडविणारे वैमानिक मुन्शीच होते. पुढे १७ जून १९६१ रोजी मारुत हे लढाऊ जेट विमान उडाले. १९६४ साली हिंदुस्थान एअरक्राफ्ट व नाशिकसह अन्य ठिकाणी मिगनिर्मितीसाठी स्थापलेली कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स अस्तित्वात आली.

विशेष म्हणजे रूपांतराचे काम आजही कालबाह्य झालेले नाही. प्रवासी विमानांचे हवेत इंधन भरणाऱ्या विमानांत रूपांतर करण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये याच कंपनीने इस्राएलच्या विमान कंपनीशी सामंजस्य करार केला.

आपल्या तालुक्यांसाठी बोध

ठाणे जिल्ह्यालाही त्या युद्धाचा स्पर्श झाला होता. कल्याणजवळ नेवाळी येथे धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या, आणि तो प्रश्न पुढे अनेक दशके धुमसत राहिला. युद्धाने मागे ठेवलेल्या वस्तूंचे काय करावयाचे, हा प्रश्न बंगळूरइतकाच येथेही होता. एके ठिकाणी त्याचे उत्तर कसबाने दिले, दुसरे ठिकाण उत्तराची वाट पाहत राहिले.

शहापूर व मुरबाड येथे आज शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. फिटर, वेल्डर, वायरमन या व्यवसायांत शिकणारा आदिवासी पाड्यावरील मुलगा वा मुलगी जे शिकते, त्याच कौशल्यांवर डाकोटा व लिबरेटर पुन्हा उडाली. दुरुस्ती हे कमी प्रतीचे काम आहे, हा समज पालकांच्या मनातून दूर करण्याची जबाबदारी शिक्षकांवर व पंचायत सदस्यांवर येते.

शाळेत याचा आरंभ सहज करता येईल. फूटपट्टी बोटावर तोलून धरावी, तिच्या एका टोकाला नाणे ठेवावे आणि तोल राखण्यासाठी बोट कोणत्या बाजूला सरकवावे लागते, हे मुलांना पाहू द्यावे. विमानातील आसनांचे गणित यापेक्षा वेगळे नाही. पंचायतींनीही आपल्या हद्दीतील बंद पडलेले हातपंप, विजेच्या मोटारी व फवारणीयंत्रे यांची यादी करून ती दुरुस्त करण्याचे काम गावातील प्रशिक्षित तरुणांकडे सोपविल्यास पाण्याची सोय होईल आणि त्या तरुणांचा हातही बसेल.

कानपूरच्या तळावर इतरांना जेथे भंगार दिसले, तेथे त्या तुकडीला विमाने दिसली. अशी दृष्टी गावोगावच्या कार्यशाळांतून घडविता येते, आणि त्यासाठी लागणारी सामग्री बहुधा गावातच पडून असते.