तुमच्या कढईतलं तेल कुठल्या देशाचं?

जगात सगळ्यात जास्त माल निर्यात करणारा देश चीन. 2009 मध्ये त्याने जर्मनीला मागे टाकलं. पण तुमचा धंदा फरसाणाचा असेल, तर आधी इंडोनेशिया आणि मलेशियाकडे बघा. जगातलं 80 टक्क्यांहून जास्त पामतेल हे दोनच देश बनवतात आणि भारत त्यांचं मोठं गिऱ्हाईक.

28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने निर्यात थांबवली, ती 23 मेपर्यंत. अशा वेळी जुन्या भावात लग्नाची ऑर्डर घेतलेली असेल, तर नफा कढईतच जातो.

आज एवढंच करा: मुख्य कच्च्या मालापुढे वहीत देशाचं नाव लिहा. पामतेलच वापरत असाल, तर सोयाबीन तेलात एक घाणा काढून बघा. आणि कोटेशनवर ‘भाव सात दिवसांपुरता’ लिहायला विसरू नका.